जावाच्या चाकावरचं किटण

म्हैसूरच्या दसऱ्याला आलेल्या पाहुण्यांची नजर सोन्याच्या अंबारीवर असते. शहराची स्वतःची धांदल मात्र आदल्या दिवशीच उरकलेली असते. आपल्याकडची खंडेनवमी ती तिथली आयुधपूजा. राजवाड्यात तलवारी-ढालींच्या बरोबरीने हत्ती, घोडे आणि राजघराण्याच्या मोटारी पुजल्या जातात. बाहेर गल्लीबोळांत ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्याची पूजा: सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा. गाडीच्या तोंडाशी केळीचे खुंट बांधतात, झेंडूच्या माळा घालतात, कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटतात, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून पुढे घेतात. पूजेला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तिच्याआधीच्या धुलाईत सकाळ जाते, आणि गाडी जुनी मोटारसायकल असेल तर त्या सकाळचा मोठा वाटा एकटं चाक खातं.

टाकी ओल्या फडक्याने पुसली की झालं. मडगार्डावरून साबणाचा हात फिरवला की ते चमकतं. चाकाचं तसं नाही. हबच्या कडेला, स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे, रिमच्या आतल्या खोबणीत जो काळा, चिवट थर बसलेला असतो तो पाण्याला दाद देत नाही आणि साबणालाही सहजासहजी देत नाही. नखाने खरवडला तर नखात अडकतो आणि मग दोन दिवस जेवताना दिसत राहतो. या किटणाशी म्हैसूरची गाठ पडली त्याला तिथल्या एका कारखान्याचा इतिहास आहे. भारतातली जावा आणि नंतरची येझदी याच शहरात बनत होती.

चाकाला वंगण आणि वंगणाला धूळ, हे नातं अर्थातच मोटारसायकलीपेक्षा फार जुनं. राजा वडियार यांनी १६१० साली श्रीरंगपट्टणात दसऱ्याचा राजेशाही उत्सव सुरू केला तेव्हा रस्त्यावर लाकडी चाकं होती. दख्खनच्या बैलगाडीला एरंडेलाचं वंगण लागायचं. ते ठेवायचं नळकांडं गाडीच्या खालीच टांगलेलं असायचं, कारण वंगण संपलं की चाक आधी कुरकुरतं आणि मग आस खातं. तुंब्यात घातलेलं तेल रस्त्याची धूळ आणि लाकडाचा भुगा पिऊन काळं, दाट होई. सणासुदीला ते खरवडून काढायचं, ताजं भरायचं, आऱ्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे. मोटारी आल्या तरी एरंडेल लगेच हद्दपार झालं नाही. इंग्लंडमध्ये १९०९ साली नाव मिळालेल्या 'कॅस्ट्रॉल' तेलाच्या नावातच एरंडेलाचं इंग्रजी नाव आहे, कारण सुरुवातीच्या तेलात ते खरोखर मिसळलेलं होतं. बैलगाडी आणि शर्यतीची मोटार काही काळ एकाच बियांच्या तेलावर फिरत होत्या म्हणायला हरकत नाही.

म्हैसूर संस्थानाला कारखान्यांची हौस होती. १९१२ ते १९१८ या काळात दिवाण असलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ती हौस धोरणात बसवली. सरकारी रेशीम कारखाना, चंदनतेलाचा कारखाना, पुढे १९३७ साली लाख आणि रंगांचा कारखाना, अशी रांग लागली. त्यातला रंगांचा कारखाना आज साऱ्या देशाला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लागणारी शाई तिथे बनते. न निघण्यासाठीच तयार केलेला डाग आणि निघता निघत नाही असा डाग, दोन्हींची ख्याती एकाच गावाला मिळावी हा योग मजेचाच.

मोटारसायकल मात्र संस्थानाच्या काळात आली नाही. ती मुंबईकरांनी आणली. मुंबईत आयडियल मोटर्स ही इराणी कुटुंबाची पेढी चेकोस्लोव्हाकियातून जावा गाड्या आयात करून विकत असे. पन्नासच्या दशकात परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि सरकारने मोटारसायकलींच्या आयातीवर बंधनं आणली. विकायची तर इथेच बनवावी लागणार, हे उघड झालं. मद्रासमध्ये एन्फिल्डने १९५५ साली तोच रस्ता धरला होता. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० साली आयडियल जावा (इंडिया) ही कंपनी काढली आणि कारखान्यासाठी म्हैसूरचं यादवगिरी निवडलं. १९६१ साली जयचामराज वडियार यांच्या हस्ते उद्घाटन झालं. शेवटचे महाराज असलेले वडियार तेव्हा म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते. यादवगिरी ही शांत, झाडांची वस्ती. आकाशवाणीचं म्हैसूर केंद्र तिथेच आहे, आर. के. नारायण यांनी बांधलेलं घरही तिथेच. टू-स्ट्रोक इंजिनांची फटफट त्या शांततेला कशी मानवली असेल, हा विचार मनात येतोच.

जावा हे नाव प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराचं आणि 'वाँडरर' या जर्मन गाडीचं मिळून बनलं. १९२९ साली यानेचेकने वाँडररचे हक्क विकत घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी लपूनछपून एक नवी २५० सीसीची गाडी तयार केली. १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिने भल्याभल्यांना चकित केलं. तिच्याच वंशातलं, १९५४ नंतरचं ३५३ क्रमांकाचं मॉडेल म्हैसूरला आलं. एक सिलिंडर, त्याला दोन सायलेन्सर, सोळा इंची चाकं, गरुडासारखी बसकी ऐट आणि किक मारायलाही तोच दांडा, गिअर टाकायलाही तोच. पहिल्यांदा बसणाऱ्याचा पाय दोन दिवस गोंधळायचा.

चाक साफ करणाऱ्याच्या दृष्टीने या गाडीतली खरी गोष्ट तिचं चेनकव्हर. एन्फिल्डच्या बुलेटला चेनवर पत्र्याची नुसती पट्टी असते. खालून ती उघडी. धूळ तेलावर बसते, तेल फिरत्या चेनवरून सुटतं आणि मागच्या रिमवर शिंतोड्यांचा काळा पट्टा काढतं. जावाची चेन संपूर्ण पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीपासून इंजिनापर्यंत रबरी बाह्या. आत ग्रीस, बाहेर रस्ता, मध्ये भिंत. दुसरी सोय त्याहून बेताची दिसते पण मेकॅनिकला फार प्रिय: मागचा ॲक्सल ओढून काढला की चाक मोकळं होतं, दातेरी चक्र चेनसकट जागच्या जागीच राहतं. चेनला हात न लावता चाक निघालं म्हणजे पंक्चर काढणं सोपं, धुणंही सोपं. चाक सारखं काढावं लागणार हे धरूनच चेक अभियंत्यांनी ही गाडी आखली होती.

एवढं करूनही जावाची चाकं काळी व्हायचीच. कारण टू-स्ट्रोक इंजिन तेल पितं आणि तेलच थुंकतं. पेट्रोलमध्ये वीस-पंचवीस भागांना एक भाग असं तेल मिसळायचं. ते इंजिनात पूर्ण जळत नाही. उरलेलं धुराबरोबर दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरमध्ये जातं. तिथे काही काजळी होऊन जमतं, काही सांध्यांतून पाझरतं, काही बाहेर येतं. दोन सायलेन्सर असल्याने मागच्या चाकाला दोन्हीकडून प्रसाद मिळायचा. रबरी बाही फाटली की चेनपेटीतलं ग्रीस हबवर उतरायचं. हबच्या बेअरिंगमध्ये हौसेने जास्त ग्रीस भरलं, तर ब्रेकच्या उष्णतेने ते पातळ होऊन ड्रमच्या प्लेटवर यायचं, आणि ब्रेकशूवर पोचलं तर गाडी थांबायची पंचाईत. पुढच्या चाकाचा शत्रू वेगळाच. फोर्कची सील गेली की आतलं तेल नळीवरून ओघळत हबपर्यंत यायचं. म्हणजे किटण नुसतं घाण नव्हतं, तो एक कबुलीजबाब होता. ते कुठे साचलंय हे पाहून जुना मेकॅनिक सांगायचा, बाही बदल किंवा सील बदल.

आता हे किटण जरा जवळून पाहू. तीस-चाळीस वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या येझदीचं मागचं चाक गोणपाटावर आडवं टाकलंय. सगळ्यात वर सुकी, पांढुरकी धूळ. ती फुंकरीनेही उडते. खाली तपकिरी, गोंदासारखा थर. ही जुनी तेलं: हवा लागून घट्ट झालेली, वाळून वार्निशसारखी बसलेली. त्याखाली काळा, लोण्याहून घट्ट लगदा, त्यात वाळूचे कण चमकतात. आणि अगदी तळाला, स्पोकच्या डोक्याशी, कधीकधी मूळ ग्रीसचा अंबरी रंगही शाबूत सापडतो. गंमत अशी, की ज्याला आपण साबणाने धुवायला निघतो त्या ग्रीसमध्ये मुळात साबणच असतो. कॅल्शियम किंवा लिथियमचा साबण तेल धरून ठेवतो म्हणून ग्रीस चाकाला चिकटून राहतं. वर्षानुवर्षं त्यातलं तेल झिरपून, वाळून जातं. मागे उरतो साबण आणि धूळ. म्हणूनच जुनं किटण ओशट न लागता मेणासारखं लागतं, आणि म्हणूनच नुसत्या पाण्याने ते आणखी घट्ट बसल्यासारखं वाटतं.

म्हैसूर असो वा कोल्हापूर, जुन्या गॅरेजमधला उपाय एकच होता: रॉकेल. रेशनवरचं निळं रॉकेल. सरकार ते निळं रंगवायचं ते भेसळ पकडायला, पण गॅरेजमध्ये त्या निळ्या रंगाला वेगळाच मान होता. पत्र्याच्या परातीत थोडं रॉकेल, रंगाचा झिजलेला ब्रश, दातांचा जुना ब्रश, बांबूची चपटी काडी आणि चिंध्या, एवढा सरंजाम. काम सुरू व्हायचं कोरडंच. बांबूच्या काडीने जाड थर आधी खरवडायचा, कारण रॉकेल आधी ओतलं तर लगदा पातळ होऊन स्पोकच्या भोकांत शिरतो. लोखंडी पाना किंवा हॅक्सॉ ब्लेड वापरणाऱ्याला उस्ताद टपली मारायचा. बांबू क्रोमवर ओरखडा पाडत नाही. मग ब्रशने रॉकेल लावायचं आणि चहा प्यायला जायचं. हा वेळच खरं काम करतो, हात नाही. परत आल्यावर थर सैल झालेला असतो. रिम एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवत छत्तीसही स्पोक एकेक पुसायचे. हबसाठी लांब चिंधी घ्यायची, रॉकेलात भिजवून हबला एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं धरून रवीच्या दोरीसारखी आळीपाळीने ओढायची. ताक घुसळावं तसा हब घुसळला की खोबणीतला काळपटपणा बाहेर येतो. शेवटी साबणाचं पाणी, कोरडं फडकं, आणि स्पोकवर तेलाचा अगदी पुसट हात, गंज येऊ नये म्हणून.

पेट्रोलने किटण याहून लवकर निघतं, आणि कित्येक ठिकाणी चाक पेट्रोलनेच धुतलंही जायचं. तो शुद्ध वेडेपणा होता. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते. रॉकेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ठिणगीला साथ देत नाही. शेजारी बिडी ओढत बसलेला माणूस आणि परातीतलं पेट्रोल यांच्यातलं अंतर नशिबावर सोडणारी गॅरेजं आपल्याकडे पुष्कळ होती.

हात धुण्याची गोष्ट वेगळी. मेकॅनिकच्या हातावरचं किटण चाकावरच्यापेक्षा सहज निघायचं, कारण त्याला लाकडाचा भुसा मिळायचा. भुसा आणि साबण मुठीत चोळला की भुसा तेल शोषतो आणि साबण उरलेलं नेतो. घरोघरी धुण्याचा बार साबण होता. भारतात सर्फ १९५९ साली आली, निरमाची पावडर १९६९ साली निघाली, आणि पुढच्या दशकात ती स्वस्त पावडर गॅरेजच्या डब्यातही जाऊन बसली. जवळच बेंगळुरूला संस्थानाने १९१६ साली काढलेल्या कारखान्यात चंदनाचा सुगंधी साबण बनत होता. चाकावर तो कोणी लावला असेल असं वाटत नाही. पण रविवारी चाक धुऊन घरी गेलेल्या म्हैसूरकराला बायकोने तो हातावर ठेवला असण्याची शक्यता बरीच.

इथे एक सायकलीची आठवण करायला हवी, कारण मोटारसायकलीने ती सवय सायकलीकडून घेतली. जुन्या सायकलींच्या हबला रंगीत, केसाळ कडं अडकवलेलं असायचं. लाल, पिवळं, हिरवं. पोरांना ती सजावट वाटायची. चाक फिरलं की ते कडं हबवर घासत राहायचं आणि हब रोज, न सांगता, साफ होत जायचा. आधी विलायतेत त्याच कामासाठी चामड्याची पट्टी असे. आपल्याकडे तिला रंग चढला. जावा-येझदीवाल्यांनीही ती कडी लावली. पितळी घंटा, रिमवर खोबरेलाचा हात आणि हबला झुबकेदार कडं, अशा थाटातली गाडी दूरवरून आली तरी मालक ओळखू यायचा.

सत्तरच्या दशकात चेक जावा कंपनीबरोबरचा करार संपला आणि गाडीचं नाव १९७३ साली 'येझदी' झालं. इराणातल्या यझ्द या शहरावरून ते आलं. इराणी कुटुंबाची मुळं त्या भागातली. १९७८ची रोडकिंग सगळ्यात गाजली. पण चेनपेटी तीच. महाराष्ट्रात या गाडीने पोलिसांना, शेतकऱ्यांना, डॉक्टरांना, कॉलेजातल्या पोरांना, सगळ्यांनाच वेड लावलं. पुण्यात नाना पेठेत तिचे सुटे भाग मिळायचे आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या लेथवर न मिळणारेही बनायचे. जुन्या मराठी घरांत येझदीचं सायलेन्सर स्वच्छ करणं हा पोरांचा हक्काचा रविवारचा उद्योग होता. आतली नळी काढायची, अंगणात पेटवायची, काजळी झडली की परत बसवायची. त्याच काजळीचा एक भाग मग चाकावर सापडायचा आणि तीच पोरं पुन्हा चाक धुवायला बसायची.

मग जपानी आले. १९८४-८५ साली इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० बाजारात उतरली. सीडी १०० तर फोर-स्ट्रोक: पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, धूर नाही, चाकावर तेलाचा शिंतोडा नाही. तिच्या जाहिरातीचा सगळा सूरच मालकाने गाडीकडे लक्ष देऊ नये असा होता. म्हैसूरच्या गाडीचं सगळं बळ उलट बाजूला, मालकाने लक्ष द्यावं यात होतं. ज्या मालकाला चाकावरचं किटण वाचता येत नाही त्याला येझदी परवडत नव्हती. १९९६ साली प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि त्याच वर्षी यादवगिरीचा कारखाना बंद पडला. कामगारांचे प्रश्न, कर्ज, बदललेली बाजारपेठ, ही सगळी कारणं होतीच. पुढे कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया कोर्टात गेली आणि 'येझदी' हे नाव कोणाचं हा वादही कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत पोचला.

२०१८च्या नोव्हेंबरात जावा हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं. महिंद्राच्या भागीदारीतल्या क्लासिक लिजंड्सने ते परत आणलं आणि गाडी मध्य प्रदेशात पीथमपूरला बनते. नव्या जावाचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. रूप जुनंच, पण पूर्ण बंद चेनपेटी राहिली नाही. चाक साफ करायचा त्रास म्हणून वाढलाच, फक्त आता तो चेन ल्यूब आणि डीग्रीजरच्या फवाऱ्यांनी सोडवायचा असतो.

जुन्या गाड्यांचं मात्र उलटंच झालं. ज्या येझदी ऐंशीच्या दशकात रोज राबत होत्या त्या आज रविवारी निघतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीचे मेळावे भरतात, म्हैसूर-बेंगळुरूला तर हमखास. त्यासाठी लोक चाकं अशी चमकवतात की ते पाहून जुन्या मेकॅनिकच्या पोटात गोळा यावा. क्रोमवर टॉयलेट क्लीनर ओततात. त्यातलं आम्ल गंज खातं हे खरं, पण स्पोकवरचं जस्त आणि क्रोमखालचं निकेलही खातं. रिमवर सजावटीच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे शंभरावा भाग. तो गेला की परत येत नाही. हब ॲल्युमिनियमचा असल्याने कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने तो निमिषार्धात काळा पडतो, फसफसतो, खरबडीत होतो. आणि वॉशिंग सेंटरवरची पाण्याची जोरदार पिचकारी किटण काढते तसं बेअरिंगमध्ये पाणीही सोडते. या चाकांतली जुनी बेअरिंगं आजच्यासारखी बंद डब्यातली नव्हती. ब्रेकच्या ड्रममधली कोरडी भुकटी तर हवेने उडवूच नये, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

खूप गंजलेल्या क्रोमला साधा उपाय आहे: ॲल्युमिनियमच्या वर्खाचा चुरगळलेला तुकडा आणि पाणी. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. गंजाचे ठिपके मात्र सुटतात. पितळेची भांडी घासायची पावडर रिमवर चालवू नये. तिच्यातले कण पितळेला सोसतात, क्रोमला नाही.

यापुढचा प्रश्न तंत्राचा नाही, आवडीचा आहे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या जपणाऱ्यांत असा एक पंथ आहे की गाडी रंगवायची नाही, पुन्हा क्रोम करायची नाही. तेलकट फडक्याने पुसत चालवत राहायची. आपल्याकडे उलट. जुनी येझदी मिळाली की पहिलं काम, चाकं सोडायची आणि रिमा क्रोमला द्यायच्या. क्रोमच्या आधी त्या आम्लात बुडतात, पॉलिश होतात, आणि त्या प्रक्रियेत रिमवर मूळचा जो काही शिक्का, क्रमांक किंवा छाप असेल तोही जातो. परत आलेली चाकं आरशासारखी असतात, पण ती आता कुठलीही चाकं असू शकतात. रॉकेलने धुतलेली रिम बऱ्याचदा किंचित फिकी, एखाद-दुसऱ्या डागाची निघते. तिला पाहून कोणी टाळ्या वाजवत नाही. तरी चाळीस वर्षं जुन्या गाडीचं चाक म्हणून ओळखायला तीच रिम उपयोगी पडते.

१९९६ नंतर यादवगिरीच्या कारखान्यातून एकही नवी गाडी बाहेर पडलेली नाही. तुमच्या शेडमध्ये येझदी उभी असेल तर रिम क्रोमला टाकण्याआधी एक रविवार रॉकेल आणि बांबूच्या काडीला द्या. वापरलेलं रॉकेल मोरीत ओतू नका, डब्यात निवळू द्या. वरचं स्वच्छ रॉकेल पुढच्या चाकाला चालतं.